सिराशुक्र : त्याज्य काय, रुग्ण की आपला विलंब?

ऊसतोडणीचा हंगाम भरात असताना आमच्या चिकित्सालयात एक तोडणी कामगार आला. उसाचे पाचट उजव्या डोळ्याला लागून पाच दिवस झाले होते. डोळा लाल, पाणी येते, उजेड सहन होत नाही, एवढीच त्याची तक्रार. बाहेर रुग्णांची गर्दी होती. आम्ही पापणी उलटून पाहिली, कचरा दिसला नाही, आणि अभिष्यंदाचे निदान करून त्रिफळा क्वाथाचे परिसेचन व पोटात औषध दिले. आठवड्याने तो पुन्हा आला. लाली कमी झाली होती, मात्र अंधूक दिसत होते. आम्ही औषध चालू ठेवण्यास सांगितले. तिसऱ्या खेपेस विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून नीट पाहिले, तेव्हा बुबुळाच्या मध्याजवळ करडा-पांढरा डाग आणि खालच्या कडेने त्या डागाकडे निघालेले तीन-चार लाल धागे दिसले. विचारणा करता त्याने खिशातून एक बाटली काढली. एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले ते थेंब स्टेरॉइडमिश्रित होते. लाली कमी झाली ती आमच्या परिसेचनाने नव्हे, हे त्या क्षणी उमगले.

त्याच दिवशी त्यास नेत्ररुग्णालयात धाडले. व्रणाच्या खरवडीत बुरशी सापडली. उपचारांनी डोळा वाचला. परंतु मधोमध फूल राहिले आणि त्यात शिरलेल्या सिराही राहिल्या. पुढे नेत्ररोपण करता येईल, पण सिरायुक्त बुबुळावर कलम टिकेल याची खात्री देता येत नाही, असे तेथील नेत्रशल्यविदांनी आम्हांस कळविले. दुकानदाराचा दोष होताच. पण पहिल्या भेटीत विजेरी न उचलण्याचा दोष आमचा होता. प्रस्तुत लेख त्या दोषातून निर्माण झाला आहे.

शास्त्र काय सांगते?

कृष्णमंडलात सिरा शिरणे ही गोष्ट आपल्या आचार्यांना अज्ञात नव्हती. सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या पाचव्या अध्यायात चार कृष्णगत रोग सांगितले : सव्रण शुक्र, अव्रण शुक्र, अक्षिपाकात्यय व अजका. अव्रण शुक्र कोणते सोडून द्यावे, हे सांगताना त्यांनी जी लक्षणे गणली, त्यांत सिरांनी जखडलेले, कडेने लाल झालेले, दोन पटलांपर्यंत गेलेले आणि फार दिवसांचे शुक्र यांचा समावेश आहे. सव्रण शुक्राबाबतही त्यांचे मत सावध आहे. दृष्टिमंडलाजवळ नसलेले, खोल न गेलेले, स्राव व वेदना नसलेले शुक्रच बरे होते, आणि तेही क्वचित.

वाग्भटांनी पुढचे पाऊल टाकले. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दहाव्या अध्यायात त्यांनी कृष्णगत रोग पाच मानले आणि त्यांत सिराशुक्र या नावाने स्वतंत्र व्याधी सांगितला. रक्तासह दोष प्रकुपित होऊन तोद व दाह असलेल्या ताम्रवर्ण सिरांचे जाळे कृष्णमंडलावर पसरते आणि कारणावाचून कधी उष्ण, कधी शीत, कधी पातळ, कधी घट्ट स्राव होतो, असे त्याचे वर्णन आहे. निर्णय एका शब्दाचा : त्यजेत्.

या एका शब्दाचे दोन अर्थ आपल्या व्यवसायात प्रचलित झालेले दिसतात. काहीजण त्यास जुन्या काळची हतबलता समजून दुर्लक्षितात आणि 'आमच्याकडे यावरही औषध आहे' असे रुग्णास सांगतात. काहीजण असाध्य म्हणून हात झटकतात. आमच्या मते दोन्ही चूक. आचार्यांनी त्याज्य ठरविले ते पूर्ण रूपास आलेल्या व्याधीला. सिरा दिसण्यापूर्वीचा आणि नुकत्या दिसू लागल्या असतानाचा काळ त्याज्य नाही. तो काळ आपल्या हातात असतो, कारण खेड्यापाड्यांतील रुग्ण पहिल्यांदा आपल्याकडे किंवा औषध दुकानात येतो.

स्वच्छमंडल स्वच्छ का राहते?

कृष्णमंडलाचा दर्शनी पारदर्शक पडदा म्हणजे स्वच्छमंडल, ज्यास व्यवहारात आपण कॉर्निया म्हणतो. शरीरातील बहुतेक धातूंना रक्तवाहिन्यांवाचून जगता येत नाही. या पडद्यात मात्र एकही रक्तवाहिनी नसते. त्यास प्राणवायू अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून मिळतो, आणि पोषण आतील जलातून व कडेच्या वाहिन्यांतून झिरपत येते. रक्तवाहिन्या नसणे हीच त्याच्या पारदर्शकतेची एक अट आहे.

परंतु बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागाच्या सीमेवर, वाहिन्यांचे दाट जाळे असते. त्या आत का येत नाहीत? वाहिन्यांना वाढण्याचा इशारा देणारे एक प्रथिन शरीरात असते. त्यास व्हीईजीएफ या आद्याक्षरांनी ओळखतात. 2006 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, स्वच्छमंडल स्वतःच एक विद्राव्य ग्राहक-प्रथिन तयार करते आणि ते या व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करते. मॅनाटी नावाच्या सागरी सस्तन प्राण्याच्या स्वच्छमंडलात जन्मतः रक्तवाहिन्या असतात. त्याच्यात हे प्रथिन आढळले नाही. म्हणजे स्वच्छता ही तेथे फुकट मिळालेली नाही, ती सतत राखावी लागते.

जंतुसंसर्ग, बुरशी, नागीण वर्गातील विषाणू, क्षार वा आम्लाने झालेला दाह, प्राणवायूची उणीव किंवा कडेच्या मूलपेशींचा नाश यांपैकी काहीही घडले की हा तोल बिघडतो. शोथाच्या पेशी वर्धक प्रथिने ओतू लागतात आणि सीमेवरील वाहिन्या आत सरकतात. पूर्वी खुपऱ्यांच्या, म्हणजे आपण पोथकीशी जोडतो त्या, रोगात वरच्या बाजूने असा लाल पडदा उतरत असे. भारतातून खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मान्य केले. तरी वृद्ध रुग्णांत त्याच्या जुन्या खुणा अजून दिसतात. शहरातील वैद्यांना आता दुसरे कारण भेटते. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात ठेवून झोपणाऱ्या तरुणांत प्राणवायू कमी पडून कडेने बारीक वाहिन्या शिरतात.

नवी वाहिनी तात्पुरता उपकारही करते. व्रण भरण्यास तिचा हातभार लागतो. परंतु तिची भिंत कच्ची असते. तीतून द्रव व मेद झिरपतो, पडदा गढूळ होतो. शिवाय तिच्यासोबत लसीकावाहिन्याही येतात, आणि परक्या धातूची ओळख प्रतिकारशक्तीला करून देतात. म्हणूनच पुढे कलम केले तर शरीर ते नाकारते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात, स्वच्छमंडलाच्या चारपैकी दोन वा अधिक चतुर्थांशांत वाहिन्या असल्यास ते रोपण जास्त धोक्याचे मानले गेले.

काळ हीच खरी मात्रा

या वाहिन्या रोखण्यासाठी आज नेत्रतज्ज्ञ काय करतात, हे आपणांस ठाऊक असावे. मूळ संसर्ग आटोक्यात आणणे ही पहिली पायरी. शोथ शमविण्यासाठी स्टेरॉइड, पण संसर्गाचा प्रकार कळल्यावर आणि देखरेखीखाली. व्हीईजीएफला अडविणारे बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. नेत्रतज्ज्ञ ते मान्य यादीबाहेरचा वापर म्हणून डोळ्याच्या आवरणाखाली सुईने किंवा थेंबांच्या रूपात देतात. जुन्या, जाड वाहिन्या बारीक सुईतून विद्युतदाह देऊन किंवा लेसरने बंद करतात. मूलपेशी नष्ट झाल्या असल्यास त्यांचे रोपण करतात.

यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वर्धक प्रथिन अडविणारी औषधे ताज्या वाहिन्यांवर चालतात. वाहिनी जुनी झाली की तिच्याभोवती आधारपेशींचे वेष्टन बसते आणि ती त्या प्रथिनावाचून तग धरते. मग औषध वाया जाते आणि शस्त्रकर्माचा मार्ग उरतो. सुश्रुतांनी 'फार दिवसांचे' हे असाध्यतेचे लक्षण सांगितले, त्याचे हे आजच्या भाषेतील स्पष्टीकरण मानावयास आम्हांस संकोच वाटत नाही. आमच्या रुग्णाचे जे दिवस आमच्याकडे गेले, ते याच हिशेबातले होते.

हळद, चहा आणि उंदराचा डोळा

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. औषध कंपन्यांची माहितीपत्रके आणि काही परिषदांतील भाषणे यांत असे विधान वारंवार ऐकू येते की, हरिद्रा स्वच्छमंडलातील वाहिन्यांची वाढ थांबवते, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. विधान पूर्णतः खोटे नाही, म्हणूनच ते धोकादायक आहे.

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कर्क्युमिनवर्गीय द्रव्यांनी उंदरांच्या स्वच्छमंडलातील कृत्रिमरीत्या वाढविलेल्या वाहिन्या रोखल्याचे दिसले. 1999 मध्ये 'नेचर'मध्ये हिरव्या चहाविषयी तसाच निष्कर्ष आला. चहा पाजलेल्या उंदरांत वाहिन्या कमी वाढल्या. परंतु हे प्रयोग कशासाठी होते, हे पाहिले पाहिजे. अर्बुदाला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. तो तपासण्यासाठी अशी जागा हवी होती की जेथे मुळात वाहिनीच नाही, म्हणजे उगवलेली प्रत्येक वाहिनी नवी असणार आणि बाहेरून मोजता येणार. सशाचे व पुढे उंदराचे स्वच्छमंडल ही ती जागा ठरली. संशोधकांची नजर अर्बुदावर होती. डोळा ही केवळ स्वच्छ पाटी होती. त्या पाटीवर उमटलेल्या अक्षरांवरून व्रणयुक्त मानवी डोळ्यात हळदीचे थेंब टाकण्याची अनुज्ञा निघत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पोटातून घेतल्यास रक्तात अत्यल्प पोहोचते. आणि उंदराच्या त्या डोळ्यात बुरशी नव्हती, पाचटाची जखमही नव्हती.

याचा अर्थ हरिद्रा, दारुहरिद्रा, त्रिफळा यांवर संशोधन करू नये असा नव्हे. उलट, ते नेत्रविभागाच्या सहकार्याने, रीतसर मान्यता घेऊन, नोंदी ठेवून व्हावे असेच आम्ही म्हणतो. तोवर 'आशादायक' आणि 'सिद्ध' या दोन शब्दांतील अंतर आपण राखले पाहिजे.

आक्षेप आणि उत्तर

आमचे एक ज्येष्ठ सहकारी या विषयावर बोलताना म्हणाले, "सगळे रुग्ण तिकडेच धाडायचे, तर शालाक्यतंत्र शिकायचे कशाला?" हा प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्यास मनापासून उत्तर द्यावयास हवे.

शालाक्याचे क्षेत्र लहान नाही. शुष्काक्षिपाकासारखे आजार, वारंवार होणारे नेत्रकंडू, पापण्यांचे जुने विकार, व्रण पूर्ण भरल्यावर डोळ्याचे बल राखणे, मधुमेहींचे पथ्यापथ्य, या सर्वांत आपला हात उपयोगी पडतो. परंतु क्रियाकल्पांची मर्यादाही शास्त्रानेच घालून दिली आहे. उपद्रव शमले नसताना तर्पण करू नये, असे सुश्रुत सांगतात. साम अवस्थेत अंजन निषिद्ध आहे. ताज्या व्रणावर लेखनांजन घासणे किंवा तुपाचे तर्पण करणे हे आयुर्वेदाचे अनुसरण नव्हे. ते आयुर्वेदाची पायमल्ली आहे. योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणारा वैद्य शास्त्र सोडत नाही, साध्यासाध्य विवेक पाळतो.

वैद्यांनी काय करावे?

लाल डोळ्याच्या प्रत्येक रुग्णाला विजेरी व भिंग घेऊन तपासावे. यास दोन मिनिटे लागतात. प्रकाश बाजूने टाकावा. समोरून टाकल्यास बारीक डाग निसटतो. शक्य असल्यास फ्लुओरेसिनची पट्टी जवळ ठेवावी. व्रण असल्यास तो हिरवा उजळतो.

सिरा दिसल्यास त्या कशा आहेत, ते पाहावे. वरच्या थरातील सिरा चकचकीत लाल, फांद्या फुटलेल्या असतात आणि पांढऱ्या भागातून सलग आत येताना दिसतात. खोलातील सिरा सरळ, कुंच्याच्या केसांसारख्या, किंचित काळपट असून सीमेपाशी अदृश्य होतात. वडस, म्हणजे अर्म, बहुधा नाकाच्या बाजूने पंखाच्या आकाराचा मांसल पडदा असतो. शुक्राकडे जाणाऱ्या सिरा मात्र कोणत्याही दिशेने डागाकडे धावतात. हा भेद नीट कळला पाहिजे.

पुढील रुग्ण त्याच दिवशी पाठवावेत : पाचट, भाताचे टोक वा फांदी लागल्याचा इतिहास, बुबुळावर पांढरा डाग, दृष्टी मंदावणे, उजेड सहन न होणे, लेन्स वापरणाऱ्याचा दुखणारा लाल डोळा. सोबत चिठ्ठी द्यावी, आणि आपण काय दिले, रुग्णाने बाहेरून काय घातले, हे तीत स्पष्ट लिहावे.

चुन्याचा अपघात वेगळा सांगावा लागतो. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी वा नळी मुलांच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. क्षार खोल शिरतो, कडेच्या मूलपेशी मारतो, आणि पुढे सर्व बाजूंनी सिरा चढतात. तूप, दूध, मध काहीही घालू नये. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, वरची पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढावेत, आणि मग रुग्णालयात न्यावे. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी केलेले जगातील पहिले यशस्वी नेत्ररोपण चुन्यानेच दृष्टी गेलेल्या एका मजुरावर होते. त्याचाही एकच डोळा स्वच्छ राहिला. शंभराहून अधिक वर्षांनंतर आपल्याकडील मुले त्याच चुन्याने आंधळी होऊ नयेत, यासाठी पाण्याची एक घागर पुरते, पण ती पहिल्या मिनिटाला हवी.

औषधालयांच्या मालकांस

आपल्या संघटनेत औषधविक्रेते व औषधनिर्माते बंधूही आहेत. त्यांना आमची तीन निवेदने आहेत.

पहिले : स्टेरॉइडयुक्त नेत्रबिंदू चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. ती औषधे कायद्याने चिठ्ठीचीच आहेत. त्यांनी लाली तात्काळ उतरते, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. बुरशी वा विषाणू असेल तर मात्र आत रान पेटत राहते.

दुसरे : जे नेत्रबिंदू आपण स्वतः बनवितो, त्यांच्या निर्जंतुकतेत तडजोड नको. 2023 मध्ये भारतात बनलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांचा संबंध अमेरिकेतील जंतुसंसर्गाच्या एका साथीशी जोडला गेला. 18 राज्यांत 81 रुग्ण, 14 जणांच्या दृष्टीची हानी आणि 4 मृत्यू अशी त्याची नोंद झाली. ती औषधे आयुर्वेदीय नव्हती. पण मध, क्वाथ व अर्क घालून बनविलेल्या आपल्या थेंबांना जंतू वेगळा न्याय देणार नाहीत. बाटलीवर 'उघडल्यानंतर एक महिन्यात वापरावे' हे मोठ्या अक्षरांत छापावे.

तिसरे : वेष्टनावर फूल, मोतीबिंदू, वडस, सर्व नेत्ररोग अशी सरसकट यादी छापू नये. ती यादी वाचूनच रुग्ण महिनाभर घरी बसतो. तिच्या जागी 'बुबुळावर डाग दिसल्यास किंवा दृष्टी मंदावल्यास त्वरित नेत्रतज्ज्ञास दाखवावे' ही एक ओळ छापल्यास खप थोडा घटेल, परंतु काही डोळे वाचतील.

संघटनेने काय करावे?

प्रत्येक तालुका शाखेने जवळच्या नेत्ररुग्णालयाशी बोलून रुग्ण पाठविण्याची एक साधी पद्धत ठरवावी. एका पानाचे नोंदपत्रक असावे : इजा कधी झाली, आपल्याकडे कधी आला, कोणते थेंब घातले होते, सिरा होत्या का, कधी पाठविले, अखेर दृष्टी किती राहिली. दोन वर्षांत अशी पत्रके गोळा झाली तर आपला विलंब किती आणि कोठे होतो, हे आपणांस आपल्याच नोंदींतून कळेल. त्यात लाजिरवाणे काही निघाल्यास तेही याच त्रैमासिकात छापावे. सुरुवात म्हणून आम्ही आमचे प्रकरण वर लिहिले आहे.

तो कामगार गेल्या हंगामात पुन्हा भेटला. डाव्या डोळ्यावर काम निभावतो. कोयता चालविताना अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून मुकादमाने त्यास मोळ्या बांधण्याच्या कामावर ठेवले आहे. "डॉक्टर, तेव्हाच पाठवले असते तर?" असे त्याने विचारले नाही, ते आम्हीच स्वतःस विचारले. वाग्भटांनी सिराशुक्र त्यागण्यास सांगितले. ती अवस्था येण्यापूर्वीचे दिवस मात्र कोणत्याही आचार्याने त्यागण्यास सांगितलेले नाहीत.

इत्यलम्.